त्रिनिदाद बेटावरील दहा रात्री : कोठे जावे, काय वगळावे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



आपल्या मंडळातील पुष्कळ कुटुंबांची मुलेबाळे आज टोरांटो, न्यूयॉर्क, न्यू जर्सी या भागांत स्थायिक झालेली आहेत. त्यांच्याकडे गेलेल्या आईवडिलांस, नातवंडांची शाळा सुटली म्हणजे, आठ-दहा दिवस कोठे तरी बेटावर घेऊन जाण्याचा प्रघात आता चांगलाच रूढ झाला आहे. अशा प्रसंगी त्रिनिदादचे नाव निघते. टोरांटोहून किंवा न्यूयॉर्कहून तेथे पोहोचावयास विमानाने पाच-साडेपाच तास लागतात. आम्ही गेलो तेव्हा आम्ही सातजण होतो. धाकटी नात आठ वर्षांची, तर आमच्या आक्का त्र्याहत्तर वर्षांच्या. परत आल्यापासून सभासद भगिनी व बंधू आम्हांस एकच प्रश्न वारंवार विचारीत आले आहेत : दिवस थोडे, पैसा बेताचा, बरोबर वृद्ध माणसे, मग त्या बेटाच्या कोणत्या भागात जावे? त्याचेच उत्तर आज एकदा सर्वांसमक्ष द्यावे असे चिटणीसांनी सुचविले, म्हणून हे भाषण.

प्रथम त्या देशाचे स्थान ध्यानात घेऊ. त्रिनिदाद व टोबॅगो हे एकच राष्ट्र, पण बेटे दोन. त्रिनिदाद सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर, टोबॅगो अवघे ३०० च्या आसपास. नकाशात हे बेट पाहिले तर ते दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला इतके चिकटलेले दिसते की व्हेनेझुएलाची भूमी सर्वांत जवळच्या ठिकाणी जेमतेम ११ किलोमीटरांवर राहते. अक्षांश पाहावा तर साधारण आपल्या कोचीचा. म्हणून जांभा, नारळ, फणस, केळी, सगळे ओळखीचे वाटते. जानेवारी ते मे हे कोरडे दिवस आणि जून ते डिसेंबर पावसाळा. इतर कॅरिबियन बेटांना ज्या चक्रीवादळांचे भय असते, त्यांच्या नेहमीच्या वाटेच्या हे बेट दक्षिणेस पडते. टोबॅगोस मात्र १९६३ साली 'फ्लोरा' वादळाने जबर तडाखा दिला होता, हेही सांगितले पाहिजे.

प्रवासी कंपन्यांची पत्रके पाहिली तर सगळा मुक्काम टोबॅगोच्या वाळूवर करावा, त्रिनिदादला विमान बदलण्यापुरते उतरावे, असा त्यांचा रोख दिसतो. आमचे मत याच्या उलट आहे, आणि ते का, हे थोडे विस्ताराने सांगतो.

त्रिनिदादच्या मध्यभागी कॅरोनीचे सपाट मैदान आहे. तेथे चगुआनास नावाचे मोठे गाव आहे. विद्याधर नायपॉल १९३२ साली जन्मले ते याच गावी. त्यांच्या मातुल घराण्याची 'लायन हाउस' ही इमारत हमरस्त्यावर अजून उभी आहे. हा सारा मुलूख पूर्वी उसाचा. गुलामगिरी बंद झाल्यावर मळ्यांना मजूर मिळेनात, म्हणून ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून सुमारे सव्वादोनशे माणसे घेऊन त्या बेटास लागले. तेथून १९१७ पर्यंत एक लाख चाळीस हजारांहून अधिक हिंदी माणसे गिरमिटाखाली तेथे नेण्यात आली. ती बहुतेक अयोध्या, भोजपूर, बिहार या प्रांतांतली, काही मद्रासकडची. मराठी माणूस शोधू म्हटले तर हाती फारसे लागत नाही. आपली कोकणातली माणसे गेली ती मॉरिशसला. म्हणून 'तेथे आपले लोक आहेत' असे कोणी उत्साहाने सांगू लागला, तर ते 'आपले' या शब्दाच्या व्यापक अर्थानेच घ्यावे.

सरकारी साखर कंपनीचा कारभार २००३ साली बंद झाला आणि उसाची शेते बव्हंशी ओसाड पडली. आता त्या रस्त्यांनी जाताना घरांच्या दारी उंच कळकांवर लाल, पिवळ्या, पांढऱ्या पताका फडकताना दिसतात. त्यांस तेथे 'झंडी' म्हणतात. घरात पूजा झाली की झंडी रोवायची आणि ती वाऱ्यापावसाने झिजून जाईपर्यंत तशीच ठेवायची. आमच्या नातीने पहिल्याच सकाळी मोटारीतून त्या मोजावयास घेतल्या आणि शंभरानंतर सोडून दिल्या.

याच भागात कारापिचैमा येथे दत्तात्रेयाचे मंदिर आहे आणि त्याच्या आवारात ८५ फूट उंचीची हनुमंताची मूर्ती उभी आहे. मंदिराची परंपरा म्हैसूरच्या आश्रमाची, बांधणी द्राविडी पद्धतीची; परंतु गाणगापूर-नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या आक्कांस साता समुद्रांपलीकडे दत्तमहाराजांचे दर्शन झाल्यावर काय वाटले असेल, ते आपण जाणालच. त्यांनी तेथे मनातल्या मनात एक अध्याय म्हटला आणि आम्हांस पाऊण तास बाहेर थांबविले.

तेथून काही मिनिटांच्या अंतरावर वॉटर्लू येथे समुद्रातील मंदिर आहे. आमच्या मते संपूर्ण बेटावर एकच स्थळ पाहावयाचे असेल तर ते हे. शिवदास साधू नावाचा एक उसाच्या मळ्यावरचा मजूर. लहानपणीच आईबापांबरोबर जहाजाने आलेला. त्याने १९४७ साली किनाऱ्यालगत एक लहानसे देऊळ बांधले. जमीन साखर कंपनीची निघाली. देऊळ काढण्यास तो तयार होईना, तेव्हा खटला झाला, दंडाबरोबर १४ दिवसांची कैद झाली आणि १९५२ साली देऊळ पाडण्यात आले. जमिनीवर देवाला जागा नाही, तर समुद्रावर कोणाची मालकी, असा सरळ विचार करून हा गृहस्थ ओहोटीच्या वेळी चिखलात उतरू लागला. सायकलीला बादल्या बांधून दगड, वाळू, सिमेंट वाहून न्यावयाचे, पत्र्याच्या पिंपांत भरावयाचे, आणि भरती आली की परतावयाचे. हे काम त्याने दोन तपांहून अधिक काळ एकट्याने चालविले. तो गेल्यावर लाटांनी बांधकाम खचले. पुढे १९९५ साली, हिंदी लोकांच्या आगमनास दीडशे वर्षे झाली त्या निमित्ताने, सरकारी साहाय्याने त्याची पुन्हा उभारणी झाली. आता किनाऱ्यापासून मंदिरापर्यंत पक्की फरसबंदी वाट आहे; चाकाच्या खुर्चीवरचे माणूसही जाऊ शकते. शेजारीच उघडी स्मशानभूमी आहे. आम्ही गेलो त्या वेळी एक चिता विझत आली होती आणि मंडळी शांतपणे घरी निघाली होती. मुलांना तेथे न्यावे की नाही, असा प्रश्न आमच्या सूनबाईंनी काढला, आम्ही नेले.

त्या वाटेवर भेटलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांविषयी सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आम्ही भारतातून आलो आहोत हे कळल्यावर त्यांनी पाकिटातून चार घड्यांचा एक कागद काढला. तो त्यांच्या पणजोबांच्या 'इमिग्रेशन पास'ची प्रत होती. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जिल्हा, ठाणे, गाव आणि जात, अशी सर्व कलमे त्यात कारकुनाच्या वळणदार इंग्रजी अक्षरात भरलेली. जिल्हा बस्ती, एवढे स्पष्ट होते. गावाचे नाव मात्र कारकुनाने ऐकू आले तसे लिहिलेले, आणि त्यावर घडीची रेघ पडलेली. 'हे गाव कोणते असेल, तुम्हांस वाचता येते का?' असे त्यांनी विचारले. आम्ही पाचजणांनी तो कागद उजेडाला धरून पाहिला. कोणी एक वाचले, कोणी दुसरे. खात्रीने सांगण्यासारखे कोणासच काही निघाले नाही.

जातीच्या रकान्यावर त्यांनी नुसते बोट ठेवले आणि ते हसले. तिकडे जुनी मंडळी जातीला 'नेशन' म्हणत. तीन-तीन महिन्यांच्या जलप्रवासात एका पंक्तीला जेवून, एका फळीवर निजून ती व्यवस्था पुष्कळशी मोडली, आणि तिच्या जागी एक नवे नाते उभे राहिले, ते 'जहाजी भाई'चे. एका जहाजातून आलेली माणसे सख्ख्या भावांसारखी मानली जात. त्यांच्या मुलांचे परस्परांत विवाहसुद्धा करीत नसत, असे सांगतात. आपण येथे वंशावळी छापतो, कुलदैवते व मूळ गावे लिहून ठेवतो. त्या गृहस्थांस यांपैकी फक्त मूळ गाव हवे होते, आणि तेवढेच त्यांच्याजवळ नव्हते. या मंडळाच्या व्यासपीठावरून हे सांगताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. परंतु पाहिले ते सांगितले पाहिजे.

याच पट्ट्यात, चगुआनास आणि राजधानी यांच्या दरम्यान, कॅरोनीची खाजणे आहेत. दुपारी चारच्या सुमारास सपाट होड्या निघतात, कांदळवनाच्या बोळांतून तासभर फिरवितात आणि सूर्य मावळावयाच्या वेळी एका मोकळ्या पाण्यावर आणून थांबवितात. समोरच्या हिरव्या बेटावर लाल शराटी पक्षी थव्याथव्याने उतरू लागतात. कुर्ल्या व कोळंब्या खाऊन त्यांच्या पिसांस तो रंग चढतो. पिल्ले प्रथम मळकट तपकिरीच असतात. पाऊण तासात ते झाड पांगाऱ्यासारखे फुलून गेले. होडीस पाठ टेकावयास फळी असते, चालावे लागत नाही, म्हणून वृद्धांस हे अगदी सोयीचे. डासांसाठी मलम मात्र अवश्य न्यावे. सकाळी मंदिरे आणि संध्याकाळी खाजण, असा एक दिवस सहज बसतो.

म्हणून आम्ही सांगतो की दहा रात्रींपैकी चार या मध्यभागात काढाव्या. राजधानी पोर्ट ऑफ स्पेन येथून एका दिवसात पाहून येता येते. तेथील रस्त्यांवर वाहनांची गर्दी भयंकर. सकाळी निघणे उशिरा झाले तर निम्मा दिवस मोटारीतच जातो. वाहने आपल्यासारखी डाव्या बाजूने चालतात, एवढे समाधान.

राजधानीत आम्ही गेलो ते क्वीन्स पार्क ओव्हल पाहण्यासाठी. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजवर पहिला कसोटी विजय मिळविला तो याच मैदानावर. दिलीप सरदेसाईंचे शतक, सलीम दुराणींनी लागोपाठ टिपलेले लॉइड व सोबर्स, आणि पहिलाच सामना खेळणाऱ्या सुनील गावसकरांच्या ६५ व नाबाद ६७ धावा, हे ज्यांनी रेडिओला कान लावून ऐकले, अशी मंडळी या सभागृहातही आहेत. त्याच मालिकेच्या शेवटच्या सामन्यात याच मैदानावर गावसकरांनी १२४ व २२० धावा काढल्या, आणि तेथील एका गवयाने त्यांच्यावर कॅलिप्सो रचला. मुंबईचे सुभाष गुप्ते १९५२-५३ च्या दौऱ्यात गेले, पुढे तेथील कन्येशी विवाह करून त्याच देशात स्थायिक झाले, आणि २००२ साली तेथेच निवर्तले. त्रिनिदादशी मराठी माणसाचा खरा संबंध कोठे असेल, तर तो या हिरवळीवर. मैदान पाहून सूनबाई म्हणाल्या, 'यासाठी दीड तास मोटारीत बसलो?' यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आता उत्तरेकडचा डोंगर. तेथील सर्वांत उंच शिखर ९४० मीटरांचे, म्हणजे उंची फार नव्हे. पण जंगल दाट आहे, आणि हमिंगबर्ड पक्षी इतके की त्या बेटाला त्यांचीच भूमी म्हणतात. माराकास उपसागराकडे जाणारा डोंगरी रस्ता दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने बांधलेला आहे. तो मार्ग सुंदर, किनाराही सुंदर. तेथील प्रसिद्ध खाद्य मात्र तळलेल्या पावात घातलेला मुशीचा मासा, तेव्हा शाकाहारी मंडळींनी डबा न्यावा. पण मार्च ते ऑगस्ट या महिन्यांत गेलात तर दोन रात्री ईशान्य टोकाच्या ग्रान्द रिव्हिएर या खेड्यासाठी राखून ठेवा. तीनचारशे किलो वजनाची, चामडी पाठीची कासवे मध्यरात्री समुद्रातून वर येतात, मागल्या पायांनी खड्डा खणतात, अंडी घालतात आणि पुन्हा पाण्यात जातात. परवाना व वाटाड्या बरोबर असल्याशिवाय रात्री त्या वाळूवर जाऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. रस्ता वळणावळणाचा, तीन तासांचा. आक्कांस तो मानवला नाही; त्या दुसऱ्या दिवशी खोलीतच पडून राहिल्या. ज्यांस मोटार लागते त्यांनी या दोन रात्री मध्यभागातच वाढवाव्या, कासवांसाठी हट्ट धरू नये.

दक्षिणेस ला ब्रेया येथे डांबराचे तळे आहे. विस्तार सुमारे १०० एकर. १५९५ साली सर वॉल्टर रॅले याने आपल्या गलबतांच्या फटी याच डांबराने बुजविल्या. ऐकावयास अद्भुत, पण पाहावयास एखाद्या जुन्या रस्त्याच्या डांबरीकरणासारखे. विज्ञानाची आवड असलेली मुले असतील तरच जावे. पूर्व किनाऱ्यावरची नारळीची रांग मोटारीतून पाहावयास चांगली, पण पाण्याला ओढ मोठी आहे. ती दोन्ही आम्ही वगळली असती तरी चालले असते. कार्निव्हलच्या दिवसांत खोल्यांचे दर गगनाला भिडतात; वृद्ध बरोबर असता ते दिवस टाळावेच.

राहिल्या चार रात्री, त्या टोबॅगोच्या. बोटीने तीन-चार तास लागतात आणि समुद्र खवळलेला असतो; विमानाने जेमतेम पंचवीस मिनिटे. येथे विमानच घ्यावे. टोबॅगोच्या नैऋत्येकडे सपाट भाग, शुभ्र वाळू, तळाशी काच बसविलेल्या होड्यांतून बुको येथील प्रवाळ पाहण्याची सोय. पोहता न येणाऱ्यांनाही ते दिसते. बहुतेक हॉटेले येथेच दाटलेली आहेत. ईशान्येकडे स्पेसाइड, शार्लटव्हिल ही निवांत गावे आणि मधल्या कण्यावर जंगल. ते जंगल पाऊस टिकावा म्हणून १७७६ साली कायद्याने राखून ठेवण्यात आले. जगातील अशा सर्वांत जुन्या राखीव वनांत त्याची गणना होते. आम्ही तीन रात्री नैऋत्येस आणि एक ईशान्येस राहिलो. पुन्हा जाणे झाले तर हे प्रमाण उलट करू, कारण नैऋत्येचा किनारा जगात पुष्कळ ठिकाणी सापडेल. मुलांचे मत अर्थातच निराळे आहे.

सुरक्षिततेविषयी आडपडदा न ठेवता सांगतो. गुन्हेगारीमुळे तेथील सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये आणीबाणी पुकारली होती. निघण्यापूर्वी त्या वेळची स्थिती पाहावी, राजधानीत अंधार पडल्यावर पायी हिंडू नये, आणि ठरलेल्या मोटारवाल्याखेरीज कोणाच्या गाडीत बसू नये. आम्हांस कोठेही त्रास झाला नाही. पण दागिने आम्ही मुलीच्या घरीच ठेवून गेलो होतो.

भगिनींनी जेवणाचे विचारले आहे. त्याची काळजी नको. सकाळी रस्त्यावर 'डबल्स' मिळतात. दोन मऊ बारे, मध्ये हरभऱ्याची उसळ, वर चिंचेची चटणी. तिखट किती, ते आधीच सांगावे. 'दालपुरी' म्हणजे डाळीचे पुरण घातलेली मोठी पोळी, पण गूळ नाही, जिरे व लसूण. आक्कांनी ती खाऊन पाहिली आणि गूळ मागितला.

आता पीतज्वराविषयी, आणि हे सर्वांनी लिहून घ्यावे. त्रिनिदाद बेट पीतज्वराच्या यादीत आहे. तेथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत जो भारतात उतरेल, त्याच्याजवळ लशीचा दाखला नसेल तर त्यास विमानतळावरून घरी न सोडता सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येते. लस अधिकृत केंद्रातच मिळते, आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. तो आता जन्मभर चालतो. साठीपुढील माणसाने ती प्रथमच घ्यावयाची असेल तर आधी आपल्या डॉक्टरांस विचारावे, कारण त्या वयात अपाय होण्याचा संभव वाढतो. आक्कांच्या बाबतीत डॉक्टरांनी दोनदा तपासून मग होकार दिला. दिला नसता तर आम्ही परतीच्या वाटेवर मुलीकडे आठवडाभर राहावयाचे ठरविले होते. अमेरिकेतून विमान बदलून जाणार असाल तर तेथील व्हिसाही लागतो, केवळ विमानतळावर थांबावयाचे असले तरीही. तेव्हा लस व व्हिसा या दोन गोष्टी येथून निघण्यापूर्वीच उरकाव्या, आणि दाखल्याचे पिवळे पुस्तक पारपत्राबरोबर हातातल्या पिशवीत ठेवावे.